गाण्याचा कागद

गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीतला एक तरुण कामावरून परस्पर आमच्याकडे आला. दिवसा तो गोदामात माल उतरवतो, रात्री भीमगीते लिहितो आणि स्वतःच गातो. हातात स्टँप पेपर. म्हणाला, "काका, उद्या सही करायचीय. दोन गाण्यांचे पाच हजार रोख देतायत. एकदा नजर टाका."

आम्ही नजर टाकली. शब्द, चाल, आवाज, रेकॉर्डिंग असे सगळे "सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे" कंपनीला दिले, असे त्यात लिहिले होते. रॉयल्टीचे नावही नव्हते. आपण फक्त गाणे वाजवायची परवानगी देतोय, अशी बिचाऱ्याची समजूत! वाचकहो, खोली भाड्याने देणे वेगळे आणि खरेदीखत करून देणे वेगळे. हा कागद खरेदीखताचा होता.

आपल्या कलावंतांचा असा घोळ होतो, याला कारण आहे. जलशाच्या परंपरेत गाणे समाजाचे. शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गीतांत "वामन" असाच येतो. गाणे कुणाचे, हे समाजाला तेवढ्यावरून कळते. कंपनी मात्र कागद पाहते.

कायदा १९५७ चा आहे आणि तो गरिबाच्या अगदीच विरोधात नाही. गाणे लिहून झाले की शब्दांचा हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा, चालीचा हक्क चाल बांधणाऱ्याचा. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही; केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. रेकॉर्डिंगचा हक्क निराळा. तो बहुधा खर्च करणाऱ्या कंपनीकडे जातो. गाणाऱ्यालाही १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या गायनावर हक्क मिळाला आहे. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्यामागे साठ वर्षे चालतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. पाच हजारांत नातवंडांपर्यंतचे उत्पन्न जाते ते असे.

२०१२ च्या दुरुस्तीने मोठे काम केले. गीतकार-संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला कंपनीच्या बरोबरीचा वाटा त्याला सोडता येत नाही. सोडल्याचा करार केला तरी तो वाटा सोडणे रद्दबातल. मुदत लिहिलीच नसेल, तर हक्क पाचच वर्षांसाठी दिला असे धरतात. म्हणूनच तर त्या कागदात "कायमचे" हा शब्द ठळक होता!

एक कलम मात्र आमच्याच अंगावर काटा आणणारे निघाले. दोन्ही गाणी संपूर्ण स्वतःची आहेत, कुणी दावा केल्यास नुकसानभरपाई गायक देईल, असे ते कलम. आम्ही विचारले, "चाली तुझ्याच ना?" तो गप्प. दुसरे गाणे हिंदी सिनेमाच्या चालीवर होते. आपल्याकडे हे सर्रास चालते, जयंतीच्या मंचावर कुणी विचारत नाही. पण यूट्यूबवर चाल ओळखली जाते, चालीचा मालक दावा लावतो आणि पैसे त्याच्याकडे वळतात. वर हे भरपाईचे कलम. गोदामातल्या पगारातून तो काय भरणार होता?

रात्री दहापर्यंत बसून आम्ही दुसरा मसुदा केला. स्वतःच्या चालीचे एकच गाणे. विक्री नाही, तीन वर्षांचा परवाना. इतरांनाही तेच गाणे देण्याची मोकळीक. प्रत्येक ठिकाणी गीतकार, संगीतकार, गायक म्हणून त्याचे नाव. वाटा किती, हिशोब दर सहा महिन्यांनी. शिवाय गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. रेडिओ, हॉटेल, कार्यक्रम यांतून ती रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटते. तिचा अर्ज भरायला त्याला बसवले. सभासद झाल्यावर प्रत्येक गाण्याची माहिती तिथे द्यावी लागते, हेही बजावले. नुसते सभासद होऊन पैसे येत नाहीत.

कंपनीचा फोन अजून आलेला नाही. परवा त्याची आई वाटेत भेटली. "भाऊ, पाच हजार गेले का हो पोराचे?" आम्ही म्हणालो, "ताई, अजून सांगता येत नाही."

असे कागद आणखी कुणाच्या घरी असतील, तर रविवारी संध्याकाळी विहारात घेऊन यावेत. झेरॉक्स चालेल. सही मात्र करून आणू नये.