दादरच्या अलीकडची पदवी

बारावीचा निकाल लागला की डोंबिवलीतल्या घरांमध्ये आठवडाभर दुसरा विषय नसतो. मुलाला दादर-माटुंग्याचे रुईया किंवा पोदार हवे असते, मुलीला रुपारेल. आईवडिलांना मनातून वाटत असते की पेंढरकर, बिर्ला, अगदी ठाण्याचे जोशी-बेडेकर काय वाईट आहे? पण शेजारी विचारतात, नातेवाईक फोन करतात, आणि जवळच्या कॉलेजचे नाव सांगताना घरातल्यांचाच आवाज खाली येतो. यादीत वरती नाव लागले नाही म्हणून इथे आलो, असा खुलासा न विचारता केला जातो.

हा खुलासा करण्याची काहीच गरज नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी जवळचे कॉलेज हा पहिल्या पसंतीचा पर्याय असायला हवा, आणि तो तसा राहावा यासाठी इथल्या नागरिकांनी सरकारशी आणि संस्थाचालकांशी भांडायला हवे.

आधी साधा हिशेब करू. कल्याण ते सीएसएमटी अंतर सुमारे 54 किलोमीटर. जलद लोकल मिळाली तरी घरातून निघून रिक्षा, फलाट, गर्दीत सोडून द्यावी लागलेली एखादी गाडी आणि दादरचा पूल धरला, तर जाऊन-येऊन तीन तास कुठेच गेले नाहीत. वर्षाला शिकवण्याचे 180 दिवस मानले तर 540 तास होतात. तीन वर्षांच्या पदवीत हे सोळाशे तासांच्या वर जाते. आणि हे तास बसून वाचायला मिळणारे नसतात; एका हाताने कडी धरून, पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन काढायचे असतात. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यात काहींचा जीव गेला. त्या सकाळी कल्याण-डोंबिवलीतल्या किती आयांनी आपल्या मुलांना फोन लावले असतील, याची कल्पना करता येते.

जवळच्या कॉलेजमुळे वाचलेल्या तासांचे इथली मुले काय करतात, हे बघण्यासारखे आहे. कॉमर्सचे वर्ग बहुधा सकाळचे असतात. दुपारी बाराच्या आत मुले मोकळी होतात. मग कुणी सीएच्या ऑफिसात व्हाउचर तपासते, कुणी फडके रोडवरच्या दुकानात काउंटर सांभाळते, कुणी खालच्या वर्गातल्या मुलांच्या शिकवण्या घेते. घरच्या मिळकतीला हातभार लावत पदवी पुरी करणारा हा विद्यार्थी दादरला गेला असता, तर त्याला नोकरी सोडावी लागली असती किंवा कॉलेज.

संध्याकाळनंतर हीच मुले अभ्यासिकेत सापडतात. स्टेशनपासून दहा मिनिटांवर एखाद्या जुन्या इमारतीचा पहिला मजला, दारात चपलांचा ढीग, आत भिंतीला लागून प्लायवूडचे कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक दिवा, एक प्लग आणि एकच कोपर टेकेल एवढी जागा. टेबलाला चिकटवलेल्या कागदावर परीक्षेची तारीख आणि झेरॉक्स नोट्सवर पाण्याची बाटली. इथे बोलायचे नसते, डबा बाहेर जिन्यात खायचा असतो. वन रूम किचनमध्ये पाच माणसे राहत असतील तर मुलाने रात्री नऊला अकाउंट्सची गणिते कुठे सोडवावीत? म्हणून तो महिन्याला पैसे भरून ही जागा घेतो. त्याच वेळी थोड्या अंतरावरचे कॉलेजचे ग्रंथालय कुलूप लावून बंद झालेले असते. हे ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवणे ही काही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. एक शिपाई, एक ग्रंथपाल सहायक आणि विजेचे बिल. ज्या कल्याणमध्ये 1864 साली सार्वजनिक वाचनालय सुरू झाले आणि ज्या ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, तिथे ही मागणी जगावेगळी वाटू नये. ठाणे महापालिकेने 1987 पासून चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था चालवून स्पर्धा परीक्षांसाठी अशी सोय केलीच आहे. बी.कॉम.च्या मुलाला ती का मिळू नये?

जवळच्या कॉलेजचे महत्त्व फक्त सोयीपुरते नाही. विद्या प्रसारक मंडळ ही संस्था 1935 ची. तिने 1969 मध्ये ठाण्यात महाविद्यालय सुरू केले आणि पुढे चेंदणी बंदराजवळ, खाडीच्या अगदी काठावर, तिचे संकुल वाढले. तिथल्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने वर्षानुवर्षे ठाणे खाडीचे पाणी, चिखल, मासे, खेकडे आणि कांदळवन यांचा अभ्यास केला. भरती-ओहोटी वर्गाच्या खिडकीतून दिसत असल्यावर विद्यार्थ्याला नमुना गोळा करायला वेगळी सहल काढावी लागत नाही. 2022 साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हा फ्लेमिंगोंचे फोटो सगळ्यांनी छापले. पण ही खाडी जिवंत आहे आणि ती कशाने आजारी पडते, हे चिखलात उतरून नोंदवणाऱ्यांत इथले प्राध्यापक आणि विद्यार्थी होते. मुंबईतले कितीही नामांकित कॉलेज हे काम इतक्या सातत्याने करू शकले नसते.

हाच विचार डोंबिवलीला लावून पाहावा. एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. 2014 मध्ये शहरात हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला, 23 मे 2024 रोजी अमुदान कंपनीतल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. पेंढरकर महाविद्यालय याच परिसरात आहे. तिथल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने नाल्याच्या पाण्याचा सामू महिन्याला मोजून नोंदवही ठेवली, तर ती प्रदूषण मंडळाला आणि रहिवाशांना दोघांनाही उपयोगी पडेल. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पांना आणि इंटर्नशिपला क्रेडिट ठेवले आहेत. ते इव्हेंट मॅनेजमेंटच्या प्रमाणपत्रांवर खर्च करण्यापेक्षा इथे वापरावेत.

पण यासाठी टिकून राहणारा प्राध्यापक लागतो, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. अनुदानित वर्गात प्राध्यापकांचा पगार सरकार देते, त्यामुळे फी सामान्य घराला झेपते. विनाअनुदानित वर्गात सगळा भार विद्यार्थ्यावर येतो. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावरचे शिक्षक तीन कॉलेजांत धावपळ करून शिकवतात. अशा शिक्षकाकडून दहा वर्षांच्या खाडीच्या नोंदींची अपेक्षा करायची कशी? पेंढरकरचा अनुदानित विभाग बंद होऊ नये म्हणून 2024 साली माजी विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. त्या वादातले कायदेशीर मुद्दे काहीही असोत, आंदोलकांची भीती खरी होती. अनुदानित वर्ग एकदा गेला की तो परत येत नाही, आणि त्याच्यासोबत रिक्षावाल्याचा आणि घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगाही कॉलेजबाहेर जातो.

प्रवेशाच्या गोंधळाने आणखी नुकसान होते. 2024-25 पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी सीईटी सक्तीची झाली. पुष्कळ पालकांना हे परीक्षा होऊन गेल्यावर कळले. मग अनेक महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) अशा नावाने सुरू ठेवला. इथे मुलींच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देणारा जुलै 2024 चा शासन निर्णय केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशांसाठी आहे. अभ्यासक्रमाचे नाव बदलले असेल, तर तो या चौकटीत बसतो का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यायला हवे. महाविद्यालयांनीही हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापावे.

मुलींचा मुद्दा एवढ्यावर थांबत नाही. 1865 साली कल्याणमध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशींना डॉक्टर होण्यासाठी फिलाडेल्फिया गाठावे लागले. कळव्यात ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय यायला त्यानंतर शतकाहून अधिक काळ, 1992 साल उजाडावे लागले. आज शहापूर, मुरबाड, कसाऱ्याकडच्या मुलीला कल्याण हेच ‘जवळचे’ असते. तिच्या घरी परवानगी मिळते ती संध्याकाळी सातच्या आत परत येण्याच्या अटीवर. कल्याणला चांगली पदव्युत्तर जागा नसेल, तर ती दादरला जात नाही. ती घरीच बसते.

मुंबई विद्यापीठाने ठाण्यात बाळकुमला आणि कल्याणला उपकेंद्रे उभारली आहेत. तरी अनेक कामांसाठी मुलांना कलिना गाठावे लागते आणि त्यापायी अर्ध्या दिवसाची मजुरी किंवा सुट्टी जाते. गुणपत्रिकेतली दुरुस्ती, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, स्थलांतर प्रमाणपत्र आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या शंका यांच्या खिडक्या या दोन्ही उपकेंद्रांत पूर्ण अधिकारांसह, शनिवारीही, उघड्या ठेवाव्यात. पुढच्या अधिसभेच्या बैठकीत ठाणे जिल्ह्यातल्या निवडून गेलेल्या सदस्यांनी हा ठराव मांडावा, आणि मतदार पदवीधरांनी त्यांना तो मांडायला लावावा.