धाप दम्याची की धास्तीची?

मराठी भाषेने श्वासाच्या बाबतीत मोठा घोळ करून ठेवला आहे. ‘दम’ हा फारसी शब्द, मूळ अर्थ श्वास. आपण त्याला नाना कामांना जुंपले. जिना चढला की दम लागतो, घाई केली की वडीलमाणसे ‘दम धर’ म्हणतात आणि ऐकले नाही तर तीच दम देतात! ‘जीव घाबरा झाला’ हे तर आपण भीती वाटली तरी म्हणतो आणि श्वास कोंडला तरीही. वर्गात ही गंमत आहे. पण रात्री दोन वाजता घरातले माणूस उठून बसते आणि ‘जीव घाबरतोय’ म्हणते, तेव्हा यांतले नेमके काय, हा जिवाचा प्रश्न होतो.

आमच्या वऱ्हाडात दिवाळी हाच धापेचा हंगाम. कापूस बाजारात येऊ लागतो, जिन सुरू होतात, घरोघर माळे झाडले जातात, पहाटेचा गारवा सुटतो आणि वर फटाक्यांचा धूर. दमेकऱ्याला यांतला एकेक पुरेसा असतो. इथे सगळे मिळून चालून येतात.

त्यात २०२१ च्या फेब्रुवारीची आठवण. करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती-अकोल्याला फार लवकर लागली आणि अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली. त्या दिवसांत ऑक्सिमीटर नावाचा चिमटा घरोघर शिरला; लाट ओसरली तरी तो काही गेला नाही.

माझी थोरली बहीण अकोल्याला असते. तिचा दमा लहानपणापासूनचा, धास्ती मात्र त्या सालापासूनची. भाऊजी तेव्हा दवाखान्यातून सुखरूप परतले, पण आकडे पाहण्याची सवय ताईला जडली ती जडलीच. एका रात्री तिचा फोन आला, “भाऊ, मले दम लागून राह्यला, अन् यंत्रात तं अठ्ठ्याण्णव दाखवते. म्हंजे हे माह्या मनाचेच खेळ हायेत का?”

या प्रश्नाचे उत्तर चिमट्याजवळ नाही. दम्यात श्वासनलिका आकसतात, आतून सुजतात, चिकट कफ साठतो. तरी रक्तातला प्राणवायू बराच वेळ टिकून राहतो. तो घसरतो तेव्हा दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते. शिवाय बोट गार असले किंवा नखाला रंग असला तर आकडाही फसवतो.

दम्यासाठी वेगळे साधन आहे. बेसिल राइट या इंग्रज संशोधकाने १९५० नंतरच्या दशकात केलेल्या यंत्राचा हा सुटसुटीत वारस : पीक फ्लो मीटर. उभे राहायचे, छातीभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचे. असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा, सकाळ-संध्याकाळ. प्रकृती उत्तम असतानाचा आकडा ४०० असेल, तर ३२० च्या वर साधारण ठीक. २०० ते ३२० म्हणजे सावध होऊन डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे वागायचे. २०० च्या खाली गेला तर वाट पाहायची नाही.

लक्षणेही बोलतात. दम्याचा श्वास बहुधा बाहेर पडताना अडतो. छातीत सूं सूं वाजते, खोकला येतो, रात्री-पहाटे जोर होतो आणि पंपाने थोड्या मिनिटांत उतार पडतो. चरकाने वर्णिलेला तमकश्वासही आडवे झाले की वाढणारा आणि बसले की हलका होणारा. धास्तीत मात्र श्वास ‘आत पुरत नाही’ असे वाटते. उसासे आणि जांभया येतात, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, काळीज धडधडते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याच्या या मुंग्या. ही धाप बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचून ओसरू लागते आणि फुंकलेला आकडा सहसा नेहमीसारखाच येतो.

पण दोघी सख्ख्या शेजारणी! दमा धास्तीला बोलावतो. पंपाच्या औषधानेही हात कापतात, छाती धडधडते. ताईच्या वहीने दोन महिन्यांत उलगडा केला. पहाटेचे आकडे ३०० च्या आसपास, आणि रात्री-अपरात्री फोन वाजल्यावर लागलेल्या धापेचे ३९०. म्हणजे दोन्ही खरे होते. बरे वाटते म्हणून तिने सोडलेला रोजचा पंप डॉक्टरांनी पुन्हा सुरू केला, आणि धास्तीसाठी वेगळा सल्लाही दिला. ‘मनाचे आहे’ म्हणून घरच्यांनी सोडून दिले असते, तर पहाटेचा दमा तसाच वाढत राहिला असता.

तेव्हा शंका असेल तर आधी दमाच समजावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना तोडगा करू नये. एका दमात वाक्य पुरे होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, पंपाने आराम पडत नसेल, तर १०८ ला फोन करावा. छातीची घरघर एकाएकी थांबली आणि माणूस गळून गेले, तर तो उतार नव्हे, धोका आहे. आणि छातीत दुखून पहिल्यांदाच धाप लागली, तर घरी तर्क लढवीत बसू नये.

दिवाळीत पाहुण्यांनी घर भरलेले असते, वस्तू जागच्या हलतात. दमेकऱ्याचा पंप कुठे ठेवला आहे, हे घरातल्या निदान तिघांना तरी ठाऊक असू द्या.