बाद झालेला गडी पुन्हा उठतो : कबड्डीवरील प्रेमाचा इतिहास कोठे शोधावा?

१/
कबड्डीचा हंगाम आला की समाजमाध्यमांवर एक चित्र हमखास फिरते. मध्यभागी अभिमन्यू, भोवती चक्रव्यूह आणि खाली कबड्डीच्या हजारो वर्षांच्या परंपरेचा गौरव. चित्र देखणे आहे. पण लोक हा खेळ का खेळतात, याचे जे उत्तर ते सुचवते, ते चुकीचे आहे. योग्य उत्तर खेळाच्या नियमांच्या इतिहासात सापडते आणि त्या इतिहासाची एक वाट वऱ्हाडातून जाते. त्यासाठी हा थ्रेड. 🧵

२/
आधी अभिमन्यूविषयी. एकटा वीर सात महारथींच्या वेढ्यात शिरतो आणि एकटा चढाईपटू सात गड्यांच्या अंगणात शिरतो, हे साम्य मोहक आहे खरे. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. चक्रव्यूह हा युद्धातील प्रसंग आहे, त्यात खेळ कोठेही नाही. आणि मुख्य भेद पुढेच आहे : अभिमन्यू परत येत नाही. कबड्डीचा सारा जीव मात्र परत येण्यात आहे.

३/
एकेकाळी हा खेळ गावोगाव निरनिराळ्या नावांनी आणि नियमांनी खेळला जाई. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडूडू, दक्षिणेत चेडुगुडू. नियमांच्या दृष्टीने त्याचे तीन प्रमुख प्रकार मानले जातात : संजीवनी, गामिनी आणि अमर. बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करायचे, या एका प्रश्नाला तिघांनी तीन वेगळी उत्तरे दिली.

४/
गामिनीत बाद झालेला गडी बाहेर जातो तो संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमर प्रकारात गडी बाद होऊनही अंगणातच राहतो, फक्त प्रतिपक्षाच्या खात्यात गुण जमा होतो. संजीवनीत गडी बाहेर जातो, पण त्याच्या सोबत्याने प्रतिपक्षाचा गडी मारला की तो पुन्हा उठून आत येतो.

५/
तिन्ही उत्तरे तीन जीवनदृष्टींसारखी आहेत. गामिनी कठोर आहे, चुकलेल्याला तिथे दुसरी संधी नाही. अमर उदार आहे, पण त्यात चुकीची झळ अंगाला लागत नाही. संजीवनी या दोहोंच्या मधली : चूक महागात पडते, पण ती अखेरची ठरत नाही. शिवाय बाहेर बसलेल्याचे परतणे त्याच्या स्वतःच्या हाती नसते, ते सोबत्यांच्या हाती असते.

६/
विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी हुतूतूला नियमांची चौकट देण्यास आरंभ केला. १९२३ मध्ये बडोद्याला हिंद विजय जिमखान्याच्या विद्यमाने अखिल भारतीय पातळीवरील स्पर्धा झाली. या साऱ्या खटाटोपातून जो खेळ घडला त्याचा कणा संजीवनीचा होता. आज दूरचित्रवाणीवर दिसणारी कबड्डी हीच.

७/
ही निवड करणारी माणसे कोण होती? शिक्षक, वकील, तालमींचे वस्ताद, जिमखान्यांचे कार्यकर्ते. खेळ हा त्यांपैकी बहुतेकांचा पोटाचा धंदा नव्हता. मराठीत अशांना ‘हौशी’ म्हणतात. हौस हा शब्द अरबीतील तीव्र इच्छेच्या ‘हवस’पासून आला; इंग्रजीतील ‘अ‍ॅमॅच्युअर’ हा प्रेम करणाऱ्यासाठीच्या लॅटिन शब्दापासून. दोन्ही शब्दांच्या मुळाशी कच्चेपणा नाही, ओढ आहे.

८/
आता वऱ्हाडाकडे. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. कापूस हे त्याचे धन. बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या बाजारातला कापूस मुंबईकडे वेगाने जावा म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये त्याचे उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. राज्यकर्त्यांच्या लेखी या प्रदेशाची ओळख कापसाच्या गाठींतून होत होती, माणसांतून नव्हे.

९/
या पार्श्वभूमीवर १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले, ही घटना लक्षणीय ठरते. परकीय सत्तेने दुबळे ठरवलेल्या देहाला पुन्हा आत्मविश्वास देण्याची ही धडपड होती. याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांबरोबर कबड्डीचेही प्रात्यक्षिक दाखवले. वऱ्हाडच्या मातीतला खेळ जगापुढे नेणारे हे लोकही हौशीच होते.

१०/
पुढचा क्रम परिचित आहे. १९३८ मध्ये कलकत्त्यातील भारतीय ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत कबड्डीचा प्रवेश, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना, १९५५ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९९० मध्ये बीजिंगचे आशियाई सुवर्ण, २०१० मध्ये ग्वांगझूत महिलांच्या कबड्डीचा आशियाई क्रीडास्पर्धांत समावेश, २०१४ मध्ये प्रो कबड्डी. १९७० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातच ‘अ‍ॅमॅच्युअर’ हा शब्द आहे.

११/
हा सारा इतिहास पदकांचा झाला. बुलढाणा जिल्ह्यातील बहुसंख्य कबड्डीपटूंना पदक मिळत नाही, लिलावात बोली लागत नाही. तरीही सोयाबीन घरात आले की घाटावर आणि घाटाखाली, शाळेच्या मैदानावर वा देवळामागच्या मोकळ्या जागेत फक्कीच्या रेषा पडतात. दिवसभर शेतात, दुकानात किंवा कारखान्यात राबलेली माणसे संध्याकाळी गुडघे सोलून घेण्यासाठी जमतात. हे कशासाठी?

१२/
एक उत्तर तयार असते : नोकरीसाठी. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पोलीस भरतीची आस असते. हे कारण खोटे नाही. ज्या जिल्ह्यात पाऊस हुकला की वर्षाचे गणित हुकते, तिथे या आशेला हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण या उत्तरात पस्तिशीचा गडी बसत नाही. त्याची भरतीची वयोमर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे आणि तरीही तो उजवा कोपरा सोडायला तयार नाही.

१३/
हा प्रश्न केवळ वऱ्हाडाचा नाही. अमेरिकेत रोलर डर्बी नावाचा खेळ आहे. चाकांचे बूट घालून लंबगोल मार्गावर दोन संघ एकमेकांना अडवतात. प्रत्येक संघाची एक खेळाडू, जिच्या शिरस्त्राणावर तारा असतो, प्रतिपक्षाच्या अडवणाऱ्यांमधून वाट काढते. जितक्यांना मागे टाकेल तितके गुण. कबड्डी जाणणाऱ्याला या वर्णनात आपली चढाई चटकन ओळखू येईल.

१४/
या खेळाचा इतिहास मात्र उलट्या दिशेने गेला. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझर या व्यावसायिकाने तो तिकीट लावून सुरू केला, दूरचित्रवाणीने तो गाजवला आणि १९७० च्या दशकात त्याचा बाजार बसला. २००१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरातील स्त्रियांनी तो पुन्हा उभा केला. या वेळी मालक नव्हता. वर्गणी खेळाडूंची, कारभार खेळाडूंचा. दिवसा नोकरी करणाऱ्या स्त्रिया रात्री सरावाला येऊ लागल्या आणि पाहता पाहता अनेक देशांत संघ उभे राहिले.

१५/
पैसा असताना जो खेळ संपला, तो पैसा नसताना का तगला? धक्का देण्याची, धक्का खाण्याची, मोठ्याने ओरडण्याची आणि पडून उठण्याची मुभा स्त्रियांना अन्यत्र सहसा मिळत नाही. ती तिथे मिळाली. शिवाय खेळ आपला आहे, कोणा मालकाने दिलेला नाही, ही जाणीवही मिळाली.

१६/
बुलढाण्यातील शाळकरी मुलीच्या बाबतीत हे कारण अधिकच तीव्र होते. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेड राजाचा अभिमान हा जिल्हा जन्मभर मिरवतो. पण मुलगी मोठ्याने बोलली, धावली, धुळीत लोळली की तिला आवरते घ्यायला सांगितले जाते. कबड्डीच्या अंगणात मात्र तिने पट काढावा, घोटा धरावा, अंगावर झेप घ्यावी, अशीच अपेक्षा असते. तिचे बळ तिथे दोष ठरत नाही. खेळ थांबतो तो बहुधा लग्न ठरल्यावर. या जिल्ह्यातील कबड्डीची खरी हानी तिथे होते, आणि तिचा हिशेब कोणत्याही गुणफलकावर लागत नाही.

१७/
कबड्डीचे आणखी एक वैशिष्ट्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. हा स्पर्शाचा खेळ आहे. ज्या समाजात पाणवठे वेगळे होते, तिथे हात धरून साखळी करावी लागणारा खेळ रुजला. याचा अर्थ मैदानावर जात विरघळली असा नव्हे; वस्तीवार आणि आळीवार संघ आजही अनेक ठिकाणी तेच सांगतात. पण साखळीत ज्याचा हात सुटला त्या बाजूने गडी निसटतो, हा धडा मैदान सर्वांना सारखाच देते.

१८/
आता पुन्हा संजीवनीकडे. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो. तो काही करू शकत नाही, फक्त पाहतो. आत तिघेच उरलेले असतात. त्यांतील एक चढाईला जातो आणि तीस सेकंदांच्या आत एकाला टिपून मध्यरेषेवर कोसळतो. बाहेरचा पहिला गडी उठतो. ज्या क्रमाने बाद झाले, त्याच क्रमाने उठायचे, वशिला नाही. बोनसचा गुण संघाला मिळतो, पण त्याने कोणी उठत नाही. कोणाला तरी उठवायचे असेल, तर प्रतिपक्षाशी प्रत्यक्ष झुंजावेच लागते.

१९/
हौशी खेळाडूच्या प्रेमाचे मूळ येथे आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. त्या सहांत बुलढाणा होता. गेलेले पीक, थकलेले कर्ज, हुकलेली भरती : या सर्वांचा नियम गामिनीचा आहे. एकदा बाद झाले की बाहेर. संध्याकाळच्या तासाभरात जर एका चौकोनात वेगळा नियम चालत असेल, तिथे आपण पडल्यावर सोबती आपल्यासाठी झुंजत असतील, तर माणूस तिथे पुन्हा पुन्हा का जाणार नाही?

२०/
खेळाने शेतीचा प्रश्न सुटतो, असा भाबडा दावा येथे नाही. कर्ज कर्जाच्या जागी राहते. पण माणूस एकटा नाही, ही गोष्ट व्याख्यानातून पटत नाही. ती अंगाने अनुभवावी लागते. म्हणूनच गावातील मैदानाची जागा बांधकामासाठी जाते तेव्हा गावाचे किती गेले, हे चौरस फुटांत मोजता येत नाही. आणि मोठ्या स्पर्धांसाठी मॅट आवश्यक ठरली, म्हणून मातीवरच्या खेळाला दुय्यम लेखणेही रास्त नाही. मातीवर खेळणारे हात या खेळाचे मूळ धनी आहेत.

२१/
इतिहासप्रेमी तरुणांसाठी एक काम शिल्लक आहे. १५ जुलै, बुवा साळवी यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अभिमन्यूचे चित्र पुढे पाठवण्याऐवजी आपल्या गावच्या जुन्या गड्यांकडे जावे. संघ कोणत्या वर्षी निघाला, वर्गणी कोणी दिली, मुलींचा संघ होता का, तो कधी आणि का थांबला, हे विचारावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. शाळेच्या कपाटातील ढालींवरची अक्षरे पुसट होण्याआधी त्यांचे छायाचित्र घ्यावे.

२२/
बडोदे, बर्लिन आणि बीजिंग यांची नोंद झालेली आहे. मेहकर, मोताळा, नांदुरा, संग्रामपूर या तालुक्यांतील मैदानांची व्हायची आहे. ज्यांनी कधी काही जिंकले नाही आणि तरीही खेळणे सोडले नाही, त्यांची नावे त्या नोंदीत आधी यावीत. कबड्डी त्यांच्याच जिवावर टिकली.

#कबड्डी #इतिहास #बुलढाणा #वऱ्हाड