मक्ता, टक्का आणि रस्ता

सार्वजनिक बांधकामावर खर्च झालेला पैसा मजुरी, मालवाहतूक आणि व्यापार यांच्या द्वारे अनेक पटींनी समाजाकडे परत येतो, हा सिद्धान्त खरा असला, तरी खजिन्यातून निघालेल्या रुपयाचे तेवढ्याच मोलाचे खडी-डांबर होते हे त्यामागचे गृहीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकाला मान्य करणे जड जाते. ठाणे महापालिकेतील टक्केवारीची, म्हणजे कामांच्या रकमेतून उकळल्या जाणाऱ्या वाट्याची, चौकशी नंदलाल समितीने केली, तेव्हापासून 41 टक्के हा आकडा ठाणेकरांच्या तोंडी बसला आहे.

हात बदलणारी रक्कम ही या हानीतील लहान बाब होय. मक्तेदार ती डांबराच्या थरातून वसूल करतो. मोजमाप-पुस्तिकेत नोंदलेली जाडी जागेवर भरत नाही, पहिल्याच पावसात खडी सुटते, आणि मग रिक्षावाल्याच्या फेऱ्या घटतात, टेम्पोचे पाटे तुटतात, भाजीचा माल बाजारात उशिरा पोचतो. हा तोटा कोणत्याच दप्तरात जमा होत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे वीटो तांझी आणि हमीद दावूदी यांनी 1997 साली दाखवून दिले, की भ्रष्टाचार वाढला असता सार्वजनिक गुंतवणूक घटत नाही, उलट वाढते. घटतो तो देखभालीचा खर्च आणि रस्त्यांचा दर्जा. कल्याण-शीळ मार्गावरील पलावा पूल 4 जुलै 2025 रोजी खुला झाला आणि दुचाकी घसरू लागल्याने काही तासांतच बंद करावा लागला. उद्घाटनाची घाई आणि तपासणीची हयगय यांचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

निविदेच्या पायरीवरही हेच. गायमुख ते फाउंटन हॉटेल या सुमारे 14,000 कोटींच्या बोगदा व उन्नत मार्गासाठी लार्सन अँड टुब्रोची बोली प्रतिस्पर्ध्यापेक्षा जवळजवळ 3,100 कोटींनी कमी असूनही ती कंपनी तांत्रिक छाननीत बाद ठरली होती. सर्वोच्च न्यायालयाने जाब विचारल्यावर मे 2025 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) त्या निविदा रद्द केल्या. लाचखोरी तेथे सिद्ध झालेली नाही. तथापि कोणी न्यायालयात गेले नसते, तर तेवढा जादा भार मुकाट्याने जनतेच्या माथी पडला असता.

यावरचा उपाय तपासणीच्या खात्रीत आहे. इंडोनेशियातील 600 हून अधिक खेड्यांत अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी रस्ते खोदून नमुने तपासले, तेव्हा लेखापरीक्षण निश्चित होणार हे ठाऊक असलेल्या गावांत गहाळ खर्चाचे प्रमाण सुमारे 8 टक्के-बिंदूंनी कमी आढळले. आपल्या दोन्ही महापालिकांनी प्रत्येक रस्त्याचा नमुना प्रभागातील नागरिकांसमक्ष काढावा, मोजमाप-पुस्तिका सर्वांना खुली करावी, आणि तोवर मक्तेदाराचे देयक रोखून धरावे.