फॉर्मवर न लिहिलेला आजार

मे महिन्याची सुटी जवळ आली की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. दहा दिवस हिमालय, पाच दिवस सह्याद्री, चार दिवस कोकण किनारा. तेरा ते सतरा वर्षांची मुले पहिल्यांदाच इतके दिवस घराबाहेर राहतात, स्वतःचे ताट स्वतः धुतात, स्वतःची सॅक स्वतः उचलतात. या वयाला अशा अनुभवाची गरज आहे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो नेणाऱ्यांच्या आणि पाठवणाऱ्यांच्या तयारीचा.

या तयारीतला सर्वांत कच्चा दुवा एका कागदावर असतो. ‘मुलाला काही आजार आहे का?’ या प्रश्नापुढे प्रवेश अर्जात जेमतेम दोन शब्दांची जागा असते आणि बहुतेक पालक तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. दमा आहे असे लिहिले तर मुलाला घेणार नाहीत, ही भीती असते. लहानपणी फिट्स आल्या होत्या, गोळी अजून चालू आहे, हे लिहायला संकोच वाटतो. मुलालाही मित्रांसमोर इनहेलर काढायला लाज वाटते, म्हणून तो इनहेलर घरीच ठेवतो. आयोजकांना ‘सर्व जबाबदारी पालकांची’ या वाक्याखाली सही हवी असते. ती मिळाली की ते निर्धास्त. डॉक्टरही या साखळीतून सुटलेले नाहीत. एप्रिलमध्ये ओपीडीच्या रांगेत दोन मिनिटांत, छातीला स्टेथोस्कोपही न लावता ‘प्रकृती उत्तम’ असा दाखला लिहून दिला जातो. म्हणजे एक खोटे उत्तर चौघांनाही सोयीचे असते. गैरसोय होते ती फक्त मुलाची, आणि तीही रात्री दोन वाजता, रुग्णालय चार तासांवर असताना.

हे आजार शिबिराला जाण्यापासून अडवणारे नाहीत, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. नियंत्रणात असलेला दमा, मधुमेह किंवा अपस्मार असलेली मुले व्यवस्थित ट्रेक करू शकतात. अट एकच, सोबतच्या मोठ्यांना ते माहीत हवे. दम्याच्या मुलाला थंडी, धूळ आणि शेकोटीचा धूर त्रास देतो. त्याचा इनहेलर बसच्या डिकीत नव्हे, त्याच्या खिशात हवा आणि दुसरा गटनेत्याकडे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर दिवसभर चालल्याने एकदम खाली येते. घाम, थरथर, विचित्र बोलणे दिसले की लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे लागते. इन्सुलिन उन्हात तापले तर बिघडते आणि बर्फात गोठले तरी निकामी होते. अपस्माराच्या मुलाला चुकलेली गोळी आणि जागरण या दोन गोष्टी महागात पडतात. शिबिरात दोन्ही सहज घडतात. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या भागांतील सिकलसेलग्रस्त मुलांसाठी पाणी कमी पडणे, अतिश्रम आणि विरळ हवा धोक्याची ठरतात. त्यांच्या सहलीचे ठिकाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवायला हवे.

निरोगी मुलांपुढचे धोकेही ठिकाणानुसार बदलतात. मे महिन्यात गडांवरची टाकी आटलेली किंवा गढूळ असतात, त्यामुळे पाणी खालूनच न्यावे लागते आणि चढाई उजाडण्यापूर्वी सुरू करून ऊन तापण्याआधी संपवावी लागते. उन्हात चालणारा मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग चटके बसावे इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. अशा वेळी आधी शरीर थंड करायचे, मग रुग्णालय गाठायचे. सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा थंड पट्ट्या ठेवाव्यात. शुद्ध हरपलेल्या मुलाला पाणी पाजू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

कोकणात उन्हाळ्यातील विंचूदंश हा वेगळा विषय आहे. लाल विंचवाच्या दंशानंतर घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण येत असल्याची चिन्हे असतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. पण गोळी वेळेत पडली तरच. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्या मुलांनी अंथरूण झटकून घेणे, बूट उलटे करून पाहणे ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. साप चावल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये. हातपाय न हलवता ठेवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे.

हिमालयात प्रश्न विरळ हवेचा असतो. मुंबई-पुण्याहून निघालेले मूल समुद्रसपाटीजवळून दोन-तीन दिवसांत मनालीच्या पुढे पोहोचते. विमानाने लेहला गेले तर काही तासांत सुमारे 3500 मीटरवर. साधारण 2500 मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक नसणे असा त्रास सुरू होऊ शकतो. 3000 मीटरनंतर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका दिवसात 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा नियम आहे. त्रास असताना आणखी वर जायचे नाही. त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचे. तोल जाणे, भान सुटणे, बसल्या जागी धाप लागणे ही थांबून पाहण्याची लक्षणे नव्हेत. पंधरा वर्षांचा मुलगा जेवायला नको म्हणून तंबूत पडून राहिला, तर ‘घरची आठवण येतेय’ असे म्हणून दुर्लक्ष करणे सोपे असते. त्याला सरळ रेषेत चार पावले चालायला सांगून पाहणे हे मोठ्यांचे काम आहे.

पाण्याने घेतलेले बळी सर्वांच्या आठवणीत आहेत. 8 जून 2014 रोजी हिमाचल प्रदेशात लार्जी धरणातून पाणी सोडले गेले आणि बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी वाहून गेले. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. दोन्ही ठिकाणी मुले धडधाकट होती. धरणाखालच्या नदीत पाणी न सांगता वाढते आणि ओहोटीचा समुद्र पोहणाऱ्यालाही ओढतो, हे स्थानिकांना ठाऊक असते. त्यांना विचारल्याखेरीज मुलांना पाण्यात सोडू नये, एवढी साधी ही गोष्ट आहे.

आणि यांपैकी काहीही घडले नाही, तरी रस्ता आहेच. मोटार वाहतूक कामगार कायद्याने 1961 मध्येच चालकाच्या कामाचे तास दिवसाला आठ ठरवले होते. शिबिराची बस मात्र ‘एक दिवस वाचवण्यासाठी’ रात्रभर घाटातून धावते आणि सकाळी तोच चालक पुन्हा चाकावर बसतो. सोबत दुसरा चालक आहे का, मुक्काम कुठे आहे, हे जेवणात काय मिळणार याइतकेच आवर्जून विचारायला हवे.

पालकांनी विचारावेत असे आणखी तीन प्रश्न आहेत. प्रत्येक मुक्कामापासून सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? गटात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती कोण, आणि मुलींसोबत महिला प्रशिक्षक आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: हवामान बिघडले किंवा मूल आजारी पडले, तर ‘आता मागे फिरू’ असे म्हणण्याचा अधिकार जागेवरच्या कोणाकडे आहे? मागे फिरण्यासाठी शहरातल्या कार्यालयाची परवानगी लागत असेल आणि पैसे परत करावे लागण्याची धास्ती असेल, तर तो निर्णय उशिराच होणार.

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकट घातली. ती कागदावर राहता कामा नये. सुटी सुरू होण्याआधी नोंदणीकृत आयोजकांची यादी शाळाशाळांपर्यंत पोहोचवणे सरकारला अवघड नाही. शिबिरांच्या मार्गावरील प्राथमिक आरोग्य केंद्रांना गटांच्या तारखा आधी कळवल्या, तर तिथल्या डॉक्टरांनाही औषधांचा साठा तपासून ठेवता येईल. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते. गडाच्या माथ्यावरून रस्त्यापर्यंत मुलाला कसे आणायचे, याचा विचार आयोजकांनीच करायचा असतो.

सुरुवात मात्र त्या फॉर्मपासूनच व्हावी. आयोजकांनी ‘आजार असल्यास प्रवेश नाही’ ही ओळ काढून टाकावी आणि तिथे ‘आजार सांगा, आम्ही त्याची तयारी करू’ असे लिहावे. डॉक्टरांनी दाखला देण्याआधी मूल नेमके कुठे आणि किती उंचीवर चालले आहे, हे विचारावे. पालकांनी त्या रिकाम्या जागेत खरे लिहावे, जागा कमी पडली तर कागद जोडावा. आणि निघण्याच्या आदल्या रात्री सॅक भरताना मुलाशी एकदा बोलून घ्यावे: इनहेलर काढण्यात लाज नाही, दमलो म्हणण्यात लाज नाही, मागे राहिलेल्या मित्राबद्दल सरांना सांगणे ही चुगली नाही. शिबिरातून मुलांनी धाडस शिकावे, अशी सर्वांची इच्छा असते. आपल्याला बरे वाटत नाही, हे चारचौघांत सांगण्याचे धाडसही त्यातच मोडते.