एकादशी माझी, वडे सर्वांचे

आषाढी एकादशी घरात एकाच माणसाची असते आणि साबुदाण्याचे वडे मात्र माणशी सहा लागतात, हा हिशोब लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी मला सुटलेला नाही. आमच्या घरी खाणारी तोंडं पाच. त्यांतला कडक उपास माझा. आमच्या ह्यांचा उपास दुपारी बारापर्यंत असतो आणि त्यानंतर तो परिस्थितीप्रमाणे ठरतो. मुलाचा उपास वड्यांपुरता. सून आणि नात प्रामाणिक. त्या उपास नाही म्हणून सांगतात आणि मग वडे खातात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानं काढली त्यानं खाशी म्हटलं, तळशी म्हटलं नाही, यावरून तो नक्की पुरुष असावा.

वडे घरी करावेत की नाही, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. ह्यांचा पक्ष 'घरचे ते घरचे' असा. हे वाक्य ते आरामखुर्चीत बसून, वर्तमानपत्रावरून नजर न काढता उच्चारतात. मुलाचा पक्ष पुरोगामी: "आई, कशाला कटकट करतेस? बाहेर मिळतात की!" आता बाहेरच्या वड्यांबद्दल माझं मत असं, की ज्या तेलात सकाळी समोसे न्हाऊन गेले, त्यांच्यामागून आलूबोंडे गेले, त्याच तेलात दुपारी एकादशीचा वडा सोडला तर तो वडा असेल, फराळ नव्हे. म्हणजे वडे घरीच करायचे, यात मी ह्यांच्या बाजूची आहे. पण दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांत कढईपुढे उभं कोणी राहायचं हे कलमच नाही. माझं भांडण तेवढ्याच कलमाचं आहे.

मी हे बोलले की लगेच परंपरा काढतात. "अगं, आपल्याकडे पहिल्यापासून..." पहिल्यापासून काय? साबुदाणा होतो तो कसाव्याच्या कंदापासून, आणि ते कंद मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझीलकडचं. आलू तिथल्याच अँडीज पर्वतातला. फल्लीदाणेही त्याच खंडातले. मिरची मेक्सिकोच्या बाजूची. ज्ञानेश्वर माउलींच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकात, ही चारही मंडळी समुद्रापलीकडे होती. पोर्तुगीजांची जहाजं हिंडायला लागली तेव्हा कुठे इकडे आली. साबुदाण्याचे कारखाने तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तामिळनाडूत सेलमकडे उभे राहिले. आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे पिकणारी आमची ज्वारी बिचारी उपासाला चालत नाही! माझी तक्रार नाही. वडा मलाही आवडतो. फक्त म्हणणं एवढंच, की ब्राझीलचं कंद सात समुद्र ओलांडून, धर्म न बाटता, माझ्या कढईत येऊ शकतं, तर बैठकीतला माणूस एक उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात का येऊ शकत नाही? अंतर बारा पावलं आहे. मी मोजलं आहे.

त्यातून आम्ही वर्ध्याचे. गांधीजी 1936 साली इथून जवळच सेगावला राहायला आले आणि 1940 साली त्या गावाचं सेवाग्राम झालं, हे पाहुण्यांना आमचे हे फार अभिमानानं सांगतात. आश्रमात स्वयंपाकापासून सफाईपर्यंतची कामं सगळे वाटून घेत, हेही सांगतात. तिथल्या अकरा व्रतांत एक अस्वाद आहे आणि एक शरीरश्रम. आमच्या घरी एकादशीला दह्यात बुडवलेला चौथा वडा तोंडात घालताना ही दोन्ही व्रतं एकाच घासात मोडतात. अस्वादाचं मी सोडून देते, ते थोरामोठ्यांनाच साधायचं. पण शरीरश्रम? झाऱ्याचं वजन ते किती?

"मला जमणार नाही, ती तुमच्या हाताची कला," हा शेवटचा बचाव. कला वगैरे काही नाही हो. साबुदाणा दोनदा धुवायचा म्हणजे वरचं पीठ निघून जातं. पाणी दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढंच, आणि चार-पाच तास झाकून ठेवायचा. दाणा बोटात चिरडला की मधे पांढरा खडा राहता कामा नये. वाटीभर साबुदाण्याला दोन मध्यम आलू, उकडून पूर्ण गार झालेले. अर्धी वाटी दाण्याचा जाडसर कूट, जिरं, मिरची, मीठ. वडा चपटा थापायचा. लाडवासारखा गोल केला की बाहेरून लाल आणि आत कच्चा. आणि साबुदाण्यात पाणी राहिलं तर तेलात त्याची वाफ होते, वाट मिळाली नाही की ती कवच फोडून बाहेर येते आणि येताना तेल घेऊन येते. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सात काळे ठिपके आहेत. वर्षाच्या चोवीस एकादश्या, अधिक मास आला की सव्वीस, आणि श्रावणी सोमवार, चतुर्थ्या वेगळ्या. त्या मानानं सात म्हणजे मी कलावंतच म्हणायची.

शेजारच्या काकूंनी मला सल्ला दिला, "कायले भांडता बाप्पा, आता सूनबाईच्या हाती झारा देऊन द्या न मोकळ्या व्हा." इथेच मला खरा राग आला. सून सकाळी साडेनऊला कामावर जाते, संध्याकाळी सातला येते. तिच्या हातावर अजून एकही ठिपका नाही. झारा म्हणजे काही माझ्या सासूबाईंच्या पाटल्या नव्हेत, पिढीजात पुढे द्यायला. काकू म्हणाल्या, "पण पुरुषाच्या हातचा फराळ देवाले चालते का वो?" मी म्हटलं, "देवळातला पुजारी कोण असतो, काकू?" त्यावर त्यांनी विषय बदलून पावसाकडे नेला.

तर गेल्या आषाढीला मी घरात नियम लावला: ज्याला खायचे त्यानं तळायचे, आणि पहिला घाणा ज्याचा खरा उपास त्याला. मुलानं दाणे कुटले. नातीनं आलू सोलले आणि त्यातला एक खाल्ला. ह्यांनी धोतर बदलून जुनी पँट घातली, चष्म्यावर तेल उडू नये म्हणून चष्मा काढला, मग काही दिसेना म्हणून पुन्हा घातला, आणि कढईपासून हातभर दूर उभे राहून पहिला वडा वरून टाकला. 'वरून टाकू नका, कडेनं सोडा,' एवढं एकच वाक्य मी बोलले.

पहिला घाणा माझ्या ताटात आला. एकाचा आकार वर्धा जिल्ह्याच्या नकाशासारखा, एक कडेनं काळपट, पण गरम होते. वडे तेलातून निघाल्यावर गरम असतात, हे इतक्या वर्षांत माझ्या जिभेला पहिल्यांदाच कळलं. एरवी माझ्या वाट्याचे दोन शेवटी, ओटा पुसून झाल्यावर. मी दही वाढून घेतलं आणि बैठकीत आरामखुर्चीवर बसले.

तिसऱ्या घाण्याला आतून हाक आली, "अगं, सांबार कुठे ठेवला आहेस? घालायचा राहिला!"

सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर, आमच्या घरी उपासाला चालत नाही. चाळीस वर्षं हे वडे खाताहेत ते.