एका कंठाचे वृंदगान

एकाच गायकाने घरच्या घरी आपला आवाज पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करावा आणि त्यातून दहावीस जणांच्या वृंदगानाचा भास निर्माण करावा, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. ज्या कामासाठी पूर्वी मोठे ध्वनिमुद्रणगृह लागे, ते आज साध्या मोबाइलवर होते. साहजिकच स्नेहसंमेलन जवळ आले की, 'स्वागतगीताला तीस मुले हवीत कशाला? एका गोड गळ्याच्या मुलीकडून ते घरी ध्वनिमुद्रित करून आणावे व ध्वनिक्षेपकावर लावावे,' अशी सूचना कानी येते. या सूचनेचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

ही कला कृत्रिम म्हणून तिला नाक मुरडणे आम्हांस मान्य नाही. १९४१ साली अमेरिकेत सिडनी बेशे या वादकाने एकट्याने सहा वाद्ये वाजवून ती एकावर एक ध्वनिमुद्रित केली. आपल्याकडील उदाहरण तर आमलीकरांस अधिक जवळचे आहे. १९५४ साली दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात सुधीर फडके स्वतः उतरले आणि त्या लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या. त्याच लताबाईंचा आवाज राहुलदेव बर्मन यांनी १९६७ सालच्या 'बहारों के सपने' या चित्रपटातील एका गीतात त्यांच्याच आवाजाशी गुंफला. पुढे १९८७ साली 'इजाजत'मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाविषयी त्यांनी तोच प्रयोग केला.

हे साधते कसे, ते विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. गीताची एक ओळ ध्वनिमुद्रित करावी, तिच्या दहा हुबेहूब प्रती काढाव्या आणि त्या सर्व एकदम वाजवाव्या. वृंद ऐकू येईल काय? मुळीच नाही. तोच एकटा आवाज, केवळ अधिक मोठा! आता तीच ओळ दहा वेळा नव्याने गावी. तंबोरा व ताल हेडफोनमधून ऐकावे, म्हणजे ते नव्या ध्वनिमुद्रणात मिसळणार नाहीत. कधी मायक्रोफोनजवळ उभे राहावे, कधी चार पावले मागे सरावे. 'स', 'त' यांसारखी व्यंजने दोनतीन आवृत्त्यांतच ठळक उच्चारावी. एरवी त्यांचा खडखडाट होतो. मग काही आवाज डावीकडे, काही उजवीकडे ठेवून सर्वांना एकाच दालनाचा घुमारा द्यावा. ऐकणाऱ्यास खरोखरच समुदाय उभा असल्यासारखे वाटेल.

याचे कारण विचार करण्याजोगे आहे. मनुष्य एकच ओळ दोनदा तंतोतंत सारखी गाऊ शकत नाही. स्वर केसभर वरखाली होतो, शब्द निमिषमात्र मागेपुढे पडतो. कान ज्याला समुदाय म्हणतो, तो या बारीक फरकांचाच मेळ होय. १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहात केन टाउनसेंड यांनी बीटल्स मंडळींचे पुनःपुन्हा गाण्याचे श्रम वाचावेत म्हणून एक युक्ती योजिली; तीतही आवाजाची प्रत किंचित उशिरा व किंचित हेलकावत वाजवावी लागली. अर्थात यंत्रालासुद्धा वृंद निर्माण करण्यासाठी फरक शिकवावा लागला.

आणि आपण शाळांतून काय करतो? पाचसहा निवडक गळे पुढे उभे करतो, आणि मागच्या रांगेतील मुलास सांगतो, 'तू नुसते ओठ हलव!' ज्याला वयाच्या दहाव्या वर्षी असे सांगितले जाते, तो पुढे जन्मभर चारचौघांत तोंड उघडावयास कचरतो. आमलीच्या वर्गात वारली, कोकणा, धोडिया घरांतील मुले बसतात. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी, कारखान्यांमुळे दूरच्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांतील मुलेही बसतात. एकट्या गायकास घरी बसून जे वैचित्र्य महाप्रयासाने आणावे लागते, ते येथे आयते हजर असते. त्यालाच आपण गप्प बसवावे, हा केवढा विपर्यास!

'बेसूर मुलांमुळे गीत बिघडते,' असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु त्यावर उपाय सरावाचा आहे, मौनाचा नव्हे. पोवाड्यात झील धरणारे सगळेच शाहिराच्या तोडीचे नसतात. तरीही त्यांच्यावाचून पोवाड्याला रंग चढत नाही. आमच्या कोकणीतील मांडो दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज धरणाऱ्यास पहिल्याकडे कान द्यावा लागतो, स्वतःचा गळा आवरावा लागतो. दुसऱ्याचे ऐकत आपले गाणे, हेच वृंदगानाचे खरे शिक्षण. बंद खोलीत एकटा गाणारा केवळ स्वतःलाच ऐकतो. त्याला हे शिक्षण कोठून मिळणार?

म्हणून आमचे मत असे की, ही विद्या वरच्या वर्गांना अवश्य शिकवावी. दूरच्या पाड्यावरील एकट्या मुलाने तिच्या साहाय्याने दुसरा आवाज घटवावा, शिक्षकांनी सरावासाठी ध्वनिमुद्रणे तयार करावी. पण संमेलनाचे स्वागतगीत वर्गानेच गावे, आणि वर्गातील सर्वांनी गावे. त्यात एखादा स्वर डळमळला, तर पाहुणे तो खुशाल ऐकून घेतील. पण 'नुसते ओठ हलव' हे वाक्य आमच्या शाळांतून कायमचे हद्दपार झाले पाहिजे.